बायकोच्या वाटणीची तीन मिनिटं

तसबिरींना चौकटी बसवून देणाऱ्या त्या दुकानदाराचं आणि त्याच्या बायकोचं गेले दोन महिने एकाच गोष्टीवरून वाजत होतं. सरकार आरोग्यविम्याचा नवा कायदा आणणार होतं. प्रत्येक कामगाराचा विमा उतरवायचा. निम्मा हप्ता सरकारचा, उरलेला मालकाचा. बायको दवाखान्यात नर्स. ती म्हणे, हे कधीच व्हायला हवं होतं. नवरा म्हणे, "माझ्याकडे माणसं दोन. आजारी पडली तर मी बघतो. सरकारला मध्ये कशाला घेऊ?"

कायद्याची समिती लोकांचं म्हणणं ऐकायला गावोगाव फिरत होती. ती इथे येणार म्हटल्यावर दोघांनीही बोलायला नावं दिली. तिचा नंबर नववा, त्याचा बारावा. प्रत्येकाला तीन मिनिटं.

आणि नेमका सभेच्या दिवशी सकाळीच बायकोचा घसा बसला. "उठा" म्हणायला गेली, तर तोंडातून नुसती हवा. खोटं कशाला बोला, नवऱ्याला आतून थोड्या गुदगुल्या झाल्या. पण त्यानं इमानानं मिठाचं पाणी गरम करून दिलं. गुळण्या करून काही फरक पडेना, तेव्हा तिनं कागदावर लिहिलं, 'घरच्या माणसानं वाचलेलं चालतं. नियमात आहे.'

"घरचं माणूस म्हणजे कोण?"

तिनं पेनाचं टोक त्याच्याकडे वळवलं.

"अगं, मी? मी विरोधातला माणूस!"

तिनं लिहिलं, 'वाचायचंय. पटवून घ्यायचं नाही.' मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ, 'आणि पुटपुटू नका.'

सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत त्याच्या दुकानातला जुना कारागीर बसला होता. त्याला सगळे पाचर म्हणत, कारण कुणीही बोलत असलं की हा मध्येच पाचर ठोकायचा.

नववा नंबर पुकारला. नवरा उठला. मनात आणलं असतं तर त्यानं भाषण कसंबसं गुंडाळलं असतं, पण अंगावर घेतलेलं काम वाकडं करायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं. काटकोन म्हणजे काटकोन. त्यानं खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"आमच्या दवाखान्यात एक कारागीर आला. काच कापताना त्याचा तळहात चिरला होता. चार दिवस फडक्यात बांधून ठेवलेला, हात सुजून टम्म. आधी का आला नाहीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, मालकाला कळलं असतं तर त्यांनी खर्च केला असता. भला माणूस आहे. पण भल्या माणसापुढे किती वेळा हात पसरायचा?"

नवरा थांबला. काच? त्यानं मान वर केली. पाचर छताचं बारकाईनं निरीक्षण करत होता. डावा हात खिशात. मागे एकदा हाच हात मुरगळला म्हणून तो आठवडाभर घरी बसला होता. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, वाचा पुढे.

त्यानं वाचलं. आवाज कापत होता. लोकांना वाटलं, काय वक्ता आहे! टाळ्याच टाळ्या.

बाराव्या नंबरला तोच माणूस पुन्हा उभा राहिलेला बघून अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं मघाशी झालं ना?"

"ते बायकोचं होतं. आता माझं."

हशा पिकला. त्यानं आपला कागद काढला, बघितला, घडी करून परत ठेवला. "माझी माणसं मी सांभाळतो, असं यात लिहिलंय. ते आता मला वाचवत नाही. कायदा आणा. पण एक तक्रार कायम आहे. तुमच्या मसुद्यातला विम्याचा अर्ज चौदा पानांचा. अर्ज भरता भरताच माणूस आजारी पडेल! एका पानावर आणा, पहिली सही माझी."

"आणि अक्षर मोठं ठेवा!" तिसऱ्या रांगेतून पाचर ओरडला.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं त्याला गाठलं. "हात मुरगळला होता ना रे?"

"मुरगळला पण होता, मालक. चिरला, तेव्हाच."

"मला सांगायचं नाही?"

"आधी माझ्या दातांचा खर्च तुम्ही केलात, मग गुडघ्याचा. तिसऱ्यांदा तोंड कसं उघडायचं? म्हणून वहिनींना म्हटलं, मालकांना सांगू नका, पण समितीला खुशाल सांगा."

नवऱ्यानं पाचरचा हात खिशातून ओढून काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "टाके तरी सरळ घातलेत." टाके बायकोनंच घातले होते. ती आवाज नसतानाही हसली. तिसऱ्या दिवशी आवाज परतला, तेव्हा साठलेलं सगळं एका दमात बोलून मोकळी झाली.

वर्षभरानं कायदा झाला. छोट्या दुकानांसाठी अर्ज दोन पानांवर आला. "एक म्हटलं होतं," असं कुरकुरत नवऱ्यानं तो भरला आणि पाचरला तपासणीला पिटाळलं. संध्याकाळी पाचर तोंड पाडून दुकानात आला.

"काय रे, काय निघालं?" नवऱ्यानं हातातली चौकट खाली ठेवली.

"काहीच नाही, मालक. सबंध समिती गावोगाव फिरली, कायदा झाला, आणि मी आपला ठणठणीत!"