मागावरचा दुसरा हात

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. पण ‘जुना’ म्हटल्यावर लगेच हळहळू नका. माझ्या सांध्यांना कुरकुरण्याची खोड आहे, एवढेच. बाकी मी ठणठणीत आहे.

माझ्या विणकराच्या वडिलांनी मला सुताराकडून करून घेतले. बाप उंच, मुलगा त्याहून उंच, म्हणून माझी बसायची फळीही उंच. खाली पायांनी दाबायच्या दोन पावड्या. पावडी दाबली की निम्मे उभे धागे वर उचलले जातात, त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पळतो आणि मग फणीचा ठोका तो धागा घट्ट बसवतो. माझ्या विणकराचा ठोका इतका नेमका, की त्याची चादर उजेडात धरली तरी वीण कुठे दाट, कुठे विरळ दिसत नसे. लोक वाहवा करत आणि मी उगीचच फुगत असे. कौतुक कोणाला नको असते?

पुढे घरोघरी गिरणीचे कापड आले. माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले. खरे सांगतो, फार वाईट वाटले.

तरीही विणकराने एक चादर मनावर घेतली होती. त्याची लेक दूरच्या गावी नवे घर मांडणार होती, तिच्यासाठी. चादर निम्मी झाली आणि तो पायरीवरून घसरला. मनगट मोडले. हाड जुळले, पण ठोक्यातला जोर गेला तो गेलाच.

“कापून टाका,” तो म्हणाला. “एका कापडाला एकच हात हवा. दुसरा लागला की पट्टा दिसतो.”

हे खोटे नव्हते. हातविणीत माणसाचे वजन, श्वास, स्वभाव, सगळे उतरते. गिरणीच्या कापडात ते कुठून येणार? पण चादर कापली की पुढची पाळी माझी होती. माझ्या जागी कपाट ठेवायची बोलणी घरात सुरू झालीच होती.

तेव्हा त्याची सून पुढे झाली. चणीने लहान, जिभेने तिखट. विणायला तिला त्यानेच शिकवले होते, पण तिची मजल पायपुसण्यांपलीकडे गेली नव्हती.

“मामंजी, मी बसते.”

“बस. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!”

झालेही तसेच. पहिला पट्टा विरळ आला. तिने तो उसवला. जोर लावला तर दाट आला. तोही उसवला. तिच्या नाकी नऊ आले. “तुझा हातच हलका,” सासरा म्हणे. मला कारण दिसत होते, पण मागाला बोलता कुठे येते? मी जीव तोडून कुरकुरलो, तर तिने मला तेल पाजले!

एका सकाळी ती समोरच्या ओट्याशी टाचा उंचावून पीठ मळत होती. गोळा काही एकजीव होईना. तिने पायाखाली पाट ओढला, अंगाचा भार दिला आणि पीठ मऊ झाले. ती थबकली. तशीच पिठाच्या हातांनी धावत आली, माझ्या फळीवर बसली आणि वाकून पाहू लागली. पावड्यांवर तिचे नुसते अंगठे टेकत होते.

“मामंजी, हात हलका नाही माझा. पाय पोचत नाहीत, मग ठोक्यावर भार कुठून येणार! पावड्या वर घ्यायला हव्यात.”

“माझ्या वडिलांनी बांधल्यात त्या. आजवर कोणी हात लावला नाही.”

“ते उंच होते. मी नाही.”

म्हाताऱ्याने वाकून पावड्यांच्या दोऱ्या चाचपल्या. मग म्हणाला, “आधी हात धू. दोऱ्यांना पीठ लागेल.”

मोडलेल्या मनगटामुळे त्याला गाठ मारता येत नव्हती. त्याने गाठीवर बोट दाबून धरले आणि तिने दोरी आवळली. पावड्या वर आल्या, तिची पावले पुरती टेकली आणि ठोका असा बसला, की माझे लाकूड न् लाकूड शहारले. पहिला पट्टा तरीही दाट आला. तो उसवला. पुढचा जमला.

लेक चादर न्यायला आली. खिडकीच्या उजेडात चादर पसरली. म्हाताऱ्याने बोटे फिरवत फिरवत एका जागी थांबवली. “हं! इथून सूनबाईचा हात सुरू झाला. जरा ढिला आहे, पण चालेल.”

सून खुदकन हसली. “मामंजी, तिथे तुम्हीच होता! मी सुरू केलं तिथे खुणेचा दोरा बांधलाय. तो बघा, हातभर पुढे.”

म्हाताऱ्याने दोरा पाहिला. पुन्हा चादर चाचपली. आणि मित्रांनो, तो असा खदखदून हसला, की डोळ्यांतून पाणी आले. “हरलो बुवा!” तो म्हणाला. हरल्याचा इतका आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. माझ्या आनंदाला तर पारावारच नव्हता.

म्हणून सांगतो, घरात जुने अवजार असेल तर ते नुसते पुसून ठेवू नका. जो वापरणार आहे, त्याच्या मापाचे करून घ्या. त्याने पूर्वजांचा अपमान होत नाही.

आता पुरे करतो. माझ्यावर नवे उभे धागे चढताहेत, आणि सूनबाईंना ताटकळायची सवय नाही.