नवसाचा कोंबडा आणि गोदाचा विमा

"आणि सामान हरवलं तर त्याचेही पैसे मिळतात," हेमंतने संगणकाचा पडदा गोदाकडे वळवत सांगितलं. "विमानाला उशीर झाला तर जेवणाचे वेगळे."

"आन मी हरवली त?"

हेमंत हसला. "तुम्ही कशाला हरवाल मावशी? पुष्पाताई येणार ना विमानतळावर न्यायला."

"तसा नाय रं. मी तिथं मेली त घरी आणतात का, ता सांग."

मोखाड्याच्या एस.टी. स्टँडमागच्या त्या चिमुकल्या दुकानात सगळ्यांचे कान टवकारले. झेरॉक्स काढायला आलेल्या बाईने पदर तोंडाला लावला. बाकावर बसलेला तिचा नवरा पुंजा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला, आणि ते तर मागच्या वर्षीचं होतं. प्रवासाला निघताना असलं अभद्र बोलू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण गोदाला मनातलं ओठावर यायला कधी वेळ लागलाच नव्हता.

सारी नोकरी तिने आश्रमशाळेत कामाठी म्हणून काढली. भाताची पातेली उतरवली, भाकऱ्या थापल्या, पोरं वाढवली. ताटात अन्न टाकणाऱ्या पोराला ती बखोट धरून पुन्हा पंगतीत बसवायची आणि संपेपर्यंत समोर उभी राहायची. हेमंत त्याच पंगतीतला. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. वीजबिलं, आधार, तिकिटं, विमे, सगळं तो करायचा. अर्धा तालुका त्याला हेमंतशेठ म्हणायचा. पण गोदा समोर बसली की त्याचा आवाज अजूनही आपोआप खाली यायचा.

"मावशी, असं बोलू नये हो. चांगल्या कामाला चाललाय तुम्ही."

काम खरंच चांगलं होतं. पुष्पलता, गोदाची एकुलती एक लेक, नर्सिंग शिकली आणि जर्मनीच्या एका इस्पितळात लागली. लग्नही तिकडेच झालं, कचेरीत सही करून. जावई नाशिककडचा, तिच्याच इस्पितळात. ते लग्न गोदाने मोबाईलवर पाहिलं आणि रेंज गेली म्हणून अक्षता भिंतीवर टाकल्या. आता पुष्पा बाळंत व्हायची होती. आई आली पाहिजे, असा तिचा हट्ट. पासपोर्ट झाला, तिकीट आलं. आता विम्याशिवाय व्हिसा मिळत नव्हता, म्हणून दोघं खोडाळ्याकडच्या आपल्या गावाहून जीपने आले होते.

पुंजा जाणार नव्हता. गुरं कोण बघणार, हे त्याचं सांगायचं कारण. विमानाची भीती वाटते, हे न सांगायचं. विम्याबद्दल मात्र त्याचं मत ठाम होतं.

"आपला वाघदेव बरा," तो हेमंतला म्हणाला. "मानूस सुखरूप परत आला, मंगच घेतो. तुजी कंपनी त मानूस निघायच्या आधीच घेते. आन परत आला त काय देते? कायच नाय."

याला पुरावा त्याच्या अंगणातच फिरत होता. पुष्पा जर्मनीला निघाली तेव्हा पुंजाने शिवेवरच्या वाघदेवाला कोंबडा बोलला होता. पोरगी घरी आली की देईन. कोंबडा तेव्हा तरणाबांड होता. पण पुष्पाला सुट्टी असली की तिकीट महाग असायचं, तिकीट स्वस्त झालं की सुट्टी नसायची, आणि मग दिवस राहिले. कोंबडा इकडे म्हातारा होत गेला. कोणी हात लावत नाही म्हणून माजला. भलत्या वेळी आरवायचा, पाहुण्यांच्या टाचांना चोच मारायचा. पाहुणेही त्याच्याकडे आशाळभूतपणे बघायचे, पण देवाच्या मालाला हात कोण लावणार?

"तीन प्रकार आहेत," हेमंतने विषय बदलायचा प्रयत्न केला. "हा स्वस्तातला. व्हिसापुरता. हा मधला. आणि हा भारीतला. यात गोल्फ खेळायचं सामान हरवलं तरी भरपाई आहे, आणि तुम्ही येईपर्यंत घरच्या कुत्र्याची सोयसुद्धा."

"कोंबड्याची करतात का?" पुंजाने विचारलं.

"नाही काका."

"मंग काय कामाचा?"

"तुमी थांबा जरा," गोदा म्हणाली. तिचे डोळे हेमंतवरून हलले नव्हते. "मी काय इचारला, हेमंत? नीट वाचून सांग."

हेमंतला वाटलं होतं म्हातारी गंमत करतेय. आता त्याला दिसलं की ती गंमत करत नव्हती.

गोदाचा थोरला भाऊ गोमा. ती परकरात असताना तो खाडीवर रेती काढायला गेला. होडी उलटली. ज्यांनी त्याला कामाला नेलं होतं त्यांनीच तिकडे परस्पर जाळलं, आणि घरी फक्त त्याची घोंगडी आली, ओलीच. गावाने गवताचा पुतळा करून जाळला, दिवस केले, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण आईचं मन काही त्या पुतळ्यावर बसलं नाही. खाडीकडून कोणीही आलं की ती विचारायची, माझ्या पोराला नीट जाळला ना रं? लाकडं कोरडी होती ना? मरेपर्यंत विचारत राहिली. गोदा काही मरणाला भीत नव्हती. आपल्यामागे कोणाला असं विचारत बसावं लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. ती पुरी झाली तरच ती विमानात पाय ठेवणार होती.

हे तिने दोन-चार वाक्यांत सांगितलं, भाजीत मीठ किती घालावं ते सांगावं तसं. हेमंतने चष्मा पुसला आणि बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"स्वस्तातल्यात नाही, मावशी," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "म्हणजे आहे, पण नावापुरतं. तेवढ्यात होणार नाही. मधल्यात पूर्ण आहे. कंपनी मुंबईच्या विमानतळापर्यंत आणून देते."

"मुंबईपावत?"

"हो. पुढचं आपलं आपण."

गोदा विचारात पडली. मुंबईपासून गाव काही जवळ नव्हतं.

"तिथून मी आणीन," पुंजा कॅलेंडरकडे बघतच म्हणाला. "जीप करीन. कसाऱ्याच्या वाटंनी आणीन, ता रस्ता बरा हाय."

गोदाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही हा माणूस एवढं बोलला नव्हता.

"मधलाच काढ," ती हेमंतला म्हणाली.

"काही आजार?"

"हाय ना. बीपी हाय, लिव."

"कशाला सांगतेस?" पुंजा कुजबुजला. "पैसं वाढवतील."

"आन लपवला, आन उद्या ते बोलले, बाई खोटारडी हाय, ऱ्हाऊ दे तिकडंच, त? लिव रं. गुडघं पन लिव."

गुडघ्यांना जागा नव्हती. पण तिच्या समाधानासाठी हेमंतने कीबोर्डवर थोडी टकटक केली. मग तो अडखळला. "एक आहे, मावशी. आणायचं की तिथेच करायचं, ते जवळचे नातेवाईक ठरवतात. म्हणजे तिथे पुष्पाताईच ठरवणार."

"मंग लाव तिला फोन."

हेमंतच्या फोनच्या पडद्यावर पुष्पा आली. खिडकीपाशी बसून पाव खात होती. गाल भरले होते, डोळ्यांखाली मात्र काळं आलं होतं. गोदाने आधी पोट बघितलं, पाय सुजलेत का ते विचारलं, आणि मग सरळ मुद्द्यावर आली.

"आई, तू बाळंतपणाला येतेस का मराया येतेस?" पुष्पा ओरडली. दुकानातली बाई आता उघड हसत होती.

"येते बाळंतपणालाच. पन तू बोल. आणशील का नाय?"

"असा काय नाय होनार."

"नाय होनार, मला पन ठाव हाय. होनार असता त तिकीट वाया कशाला घालवला असता? तरी तू बोल."

पुष्पाने पावाचा तुकडा खाली ठेवला. मामाची गोष्ट तिला ठाऊक होती. घोंगडीची घडी अजून घरातल्या पेटीत होती.

"आणीन," ती म्हणाली. "शब्द देते. बास?"

"बास."

गोदा फोन परत देणार, तेवढ्यात पुष्पा हळूच म्हणाली, "आई, आन मला कोन आणील?"

बोलली ती हसत, पण ते हसू तिला पुरतं धरता आलं नाही. इतकी वर्षं पोरगी परक्या मुलखात, परक्या लोकांची उशापायथ्याशी सेवा करत राहिलेली. पगार विचारला, थंडी विचारली, जेवण विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं. गोदाला एकदम फार वाईट वाटलं. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर कळावं, की आपलंच पोर कोपऱ्यात रिकामं ताट घेऊन बसलंय, तसं.

"हेमंत, तिचा पन काढ," ती म्हणाली.

"त्यांचा हा निघत नाही मावशी. त्या तिथेच राहतात ना. हा फक्त परत येणाऱ्यांचा असतो."

पुंजा बाकावरून उठला. फोनवर "बरी हायस ना" यापलीकडे तो कधी गेला नव्हता. त्याने गोदाच्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला, इतका जवळ की पलीकडे फक्त त्याचं नाक दिसत असणार.

"पुष्पा," तो म्हणाला. "तुजा कोंबडा अजून जिता हाय. मी कापला नाय."

पलीकडे पुष्पा हसली, नाक ओढून, बराच वेळ. "बा, आता त त्याचा मटन शिजायचा पन नाय."

"नको शिजू दे. तू ये."

निघायच्या दिवशी सकाळी दोघं वाघदेवाच्या कोरीव लाकडी पाटापुढे उभे राहिले. पुंजाने डोळे मिटले, तशी गोदाने त्याला कोपराने ढोसलं. "माज्यासाटी कोंबडा नका बोलू. नारळ बोला. एकाला सांभाळतानाच नाकी नऊ आलं." पुंजाने नारळ बोलला.

हेमंत तिला विमानतळापर्यंत पोचवायला येणार होता. जीप अंगणाशी आली. विम्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गोदाने कमरेला खोचला होता. डिंकाचे लाडू, नागलीचं पीठ आणि जुन्या लुगड्याची दुपटी बॅगेत होती. गुरांचं, चुलीचं, दुधाचं सगळं सांगून झालं. ती जीपमध्ये बसली आणि पुन्हा बाहेर वाकली.

"त्याला नागली भिजवून घाला," ती कोंबड्याकडे बोट दाखवत म्हणाली. "सुकी घातली त टाकतो आता. आन रातचा पाटीखाली झाकून ठेवा, मुंगूस हिंडतंय."

"आन मी?" पुंजाने विचारलं.

"तुमी काय, तुमी कसं पन ऱ्हाल. त्याला जपा. पुष्पा येस्तवर त्याला ऱ्हायाचा हाय."

जीप सुरू झाली. पुंजाने वाकून कोंबड्याला उचललं आणि काखेत धरलं. एरवी दिसेल त्याला चोच मारणारा तो कोंबडा गुमान राहिला, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत उभे होते.