अलेप्पोची तीन प्रकरणं

उमरोळीच्या नर्मदाबाई राऊत गावातल्या शाळेत संस्कृत शिकवत आणि नऊ वर्षं एकाच माणसाचं चरित्र लिहीत होत्या. मातिआस लेमके हा सतराव्या शतकातला जर्मन पंडित. अरबी-फारसीच्या नादात त्यानं सगळं आयुष्य घालवलं. अरबी शिकायला तो जहाजानं सीरियातल्या अलेप्पोला गेला, असं बाईंना मिळालेल्या एकुलत्या एक जर्मन पुस्तकात होतं. त्या प्रवासावर त्यांनी तीन प्रकरणं लिहिली होती.

१९८४च्या मार्चमध्ये पालघरच्या छापखान्यात पुस्तकाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळायला लागली, आणि त्याच आठवड्यात जर्मनीतल्या ग्रंथालयाकडून लेमकेच्या पत्रांच्या झेरॉक्स आल्या. मागवून चौदा महिने झाले होते. अक्षर इतकं जुन्या वळणाचं, की बाईंना एक ओळ लागेना.

बोईसरच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला एक म्हातारे जर्मन इंजिनीअर आले होते. रविवारी बाई त्यांच्याकडे गेल्या. लहानपणी आपण शाळेत हेच अक्षर गिरवलंय म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि लेमकेनं भावाला लिहिलेलं पत्र बोट ठेवून वाचायला घेतलं.

“व्हेनिसमध्ये तापानं पडलो. जहाज निघून गेलं. आता घरी परततो आहे. पण मी अलेप्पोला जाऊन आलो, असंच सगळ्यांना सांग. नाहीतर मला कोणी शिकवू देणार नाही.”

“पुन्हा वाचा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. तेच होतं.

घरी नवरा, शांताराम, चिकूच्या पाट्या भरत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “मग ऱ्हाऊ दे ना तसंच. हितं कोनाला कलनार हाय?”

“अहो, नऊ वर्षं मी या माणसाच्या मागे आहे! आणि त्यानं मलाही फसवलं!” बाईंनी झेरॉक्स पलंगावर भिरकावल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छपाई थांबवली. छापखान्याचे मालक कमलाकांत भडकले.

“बाई, चाळीस पानं जुळलीत. ती सगळी सोडायची? मग तुमचा नंबर आता दिवाळीनंतर.”

दिवाळी आली, गेली. तीन प्रकरणं फाडून झाली होती, पण त्या जागी काय लिहावं ते सुचत नव्हतं. लिहायला बसलं की राग यायचा आणि पान चुरगळून टाकलं जायचं. व्हेनिसच्या आजारपणाची चौदा पानं कशीबशी हातावेगळी झाली, तेव्हा पुढचा उन्हाळा उजाडला होता. ती घेऊन बाई पालघरला गेल्या. छापखाना आता कमलाकांतांचा मुलगा बघत होता.

“आम्ही हल्ली फक्त लग्नपत्रिका छापतो,” तो म्हणाला.