रतनबाईच्या नावाला कंस

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, रस्ता सोडून आत आहे. चाळीसेक घरं. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर दगडी बंधारा आहे आणि तिथून निघालेला पाट डोंगराच्या कडेनं दोन किलोमीटर खाली येतो. तो कुणी बांधला ते कुणाला माहीत नाही. माझ्या आज्याच्या लहानपणीही तो जुनाच होता. वीसेक वर्षांपूर्वी एका पुरात बंधाऱ्याचा कोपरा वाहून गेला. तेव्हा गावात नुकत्याच बोअर पडायला लागल्या होत्या आणि तरणी माणसं पुण्याला कामाला गेली होती. कोपरा कुणी बांधला नाही. पाटात माती भरली, मातीत घाणेरी वाढली. पुढं बोअरही आटल्या. आता होळी झाली की गावात टँकर येतो.

बंधाऱ्याला लागून सतरा गुंठ्यांचं शेत आहे. ते माझ्या बायकोचं, रतनबाईचं. ती ह्याच गावची. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून ते तिच्या नावावर आलं. पाट बंधाऱ्यातून निघतो तो आधी ह्या शेतातून जातो.

गेल्या वर्षीच्या आषाढात रतनबाई गेली. चार दिवस ताप आला, मग भोरचा दवाखाना, मग पुण्याचा. मी खालून चहा घेऊन वर गेलो तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

माघात सरपंच स्नेहल घरी आली. तिशीची पोरगी आहे, मला तात्या म्हणते.

"तात्या, पाटाचं काम होतंय बघा. साहेब मोजायला येणारेत. तुमी या. जुनी वाट तुमालाच म्हाईत."

मी गेलो. घरात बसून तरी काय करत होतो? साहेब तालुक्याहून आले होते, भला माणूस. टेप धरून पार खालपर्यंत चालले. बंधाऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं, की नवीन बांधायचं म्हटलं तर पैसे मिळतात, पण जुन्याच्या दुरुस्तीला मिळवायचे म्हणजे कठीण. त्यातून हा पाट सरकारच्या नकाशावर नाही. जे नकाशावर नाही त्यावर खर्च कसा दाखवायचा? तरी ते म्हणाले, ह्या वर्षी एका योजनेत थोडी जागा आहे, एकतीस मार्चच्या आत प्रस्ताव गेला पाहिजे.

खाली पाटाच्या शेवटाला धोंडाबाईचं घर आहे. सत्तरीची बाई, एकटीच राहते. साहेब तिच्या आडाजवळ थांबून कागद भरत होते. किती एकर भिजणार, तेवढंच कागदावर विचारलं होतं.

"आन ह्यो आड?" धोंडाबाई म्हणाली. "पाट चालू व्हता तवा चैतात बी आडाला पानी असायचं. पाटाचं झिरपून यायचं. ते लिवा की."

"आजी, त्याला रकाना नाही."

"मंग काढा रकाना. पेन तुमच्याच हातात हाय न्हवं?"

साहेब हसले. त्यांनी कागदाच्या कडेला बारीक अक्षरात आडाचं लिहिलं. मग गुरांच्या पाण्याचं, हरभऱ्याचं, गव्हाचंही लिहून घेतलं. हा पाट सिमेंटचा करू नका, मातीचाच ठेवा, नाहीतर झिरपणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं, पण मातीच्या कामाला दर कमी लागतो, म्हणजे अंदाजपत्रक लहान होतं आणि लहान कामाकडं वर कुणी बघत नाही, असं ते म्हणाले.

पुढची गोष्ट संमतीची. पाट ज्यांच्या जमिनीतून जातो त्या एकतीस खातेदारांच्या सह्या लागणार होत्या. मारुतीच्या देवळात सगळे जमले. ग्रामसेवक एकेक नाव वाचत होते. पहिलंच नाव आलं, रतनबाई भ्रतार चिमाजी. ग्रामसेवकांनी कागदावरून मान वर केली.

"मी घरी नेऊन आणतो," मी म्हणालो. ग्रामसेवकांनी कागद माझ्याकडं सरकवला.

घरी मी कागद बसायच्या लाकडी पाटावर ठेवला आणि तिची सही केली. बचत गटात गेल्यावर ती सही शिकली होती. तिचा 'र' कसा यायचा ते मला माहीत होतं. मला तेव्हा ते खोटं वाटलं नाही. शेत तिचं, तिनं नाही म्हटलं नसतं. कागद परत नेला तेव्हा माझ्या वयाचा बंडू तिथं होता. त्यानं सही पाहिली, माझ्याकडं पाहिलं.

"वैनीचीच हाय," तो म्हणाला. "झालं एकतीस."

सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि गावात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

होळीच्या आधी प्रस्ताव परत आला. स्नेहल दारातच उभी राहून बोलली.

"तात्या, काय केलंत हो? काकींचा मृत्यूचा दाखला आपल्याच ग्रामपंचायतीनं दिलाय. आन संमतीला बी आपलाच शिक्का. वरचे साहेब म्हनले, तुमच्या गावात मेलेली मानसं सह्या करत्यात का?"

"मंग आता?"

"आता वारसनोंद करा. तुमचं आन नूतनताईचं नाव लागू द्या. मंग तुमी दोगं सही करा."

मी होय म्हणालो नाही. वारसनोंद मी सात महिने लांबवली होती. तलाठ्यानं दोनदा निरोप दिला होता. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत. त्याच्या दोन्ही अंगांनी कंस घालतात आणि खाली वारसांची नावं लिहितात. माझ्या बापाच्या नावाला असा कंस झालेला मी पाहिला होता. रेशन कार्डावरून तिचं नाव गेलं, बँकेतून गेलं. बचत गटाच्या बायकांनीही नवी यादी केली. एका सातबाऱ्यावर तेवढं ती होती तशी होती. मी मोबाईलवर तो उतारा काढून ठेवला होता आणि कधीमधी बघत होतो.

आठ दिवस मी काही केलं नाही. स्नेहल रोज यायची, मग यायची थांबली. गावातले लोक माझ्याशी नीट बोलायचे, पण पाटाचा विषय काढायचे नाहीत. रतनबाई असती तर काय म्हणाली असती, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. ती असताना मी तिला फार विचारायचो असंही नाही.

नवव्या दिवशी सकाळी टँकर आला. मी दोन कळशा घेऊन गेलो. धोंडाबाई रांगेत होती. तिची कळशी भरली, पण तिला उचलवेना. मी हात लावायला गेलो तर तिनं कळशी मागं ओढली.

"ऱ्हाऊ दे. तू तुजी भर."

"आगं, पडशील."

"पडंन. तुला काय त्याचं?" ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तुला कागदावरची बाई पायजे, चिमाजी. मला आडात पानी पायजे. माजा म्हातारा जाऊन अकरा वर्सं झाली. म्या त्याच्या नावाला कंस घातला तवा काय मला लई हौस व्हती?"

रांगेत सगळे खाली बघायला लागले. ती कळशी घेऊन गेली. दोनदा टेकली आणि गेली.

त्याच दिवशी मी नूतनला, माझ्या मुलीला, फोन केला. ती धायरीला असते. दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, तलाठ्याकडं सह्या केल्या, माझ्यासाठी आणलेलं पिठलं-भाकरीचं फडकं ओट्यावर ठेवलं आणि दुपारच्या गाडीनं गेली. तिच्या पोराची परीक्षा होती. जाताना म्हणाली, "बाबा, तिकडं चला म्हटलं तर येत नाही तुम्ही." मी म्हणालो, पाटाचं होऊ दे.

नोंदीची नोटीस चावडीच्या भिंतीवर लागली. रतनबाई भ्रतार चिमाजी मयत, वारस अमुक अमुक, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी रोज सकाळी जाऊन ती वाचायचो. दूध घालून परत येताना चावडी वाटेतच लागते.

एक दिवस बंडूनं मला तिथं पाहिलं.

"काय रं, हरकत घ्यायला आलास का?"

"व्हय," मी म्हणालो.

तो हसायला लागला होता, तो थांबला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नाही, तरी बराच वेळ तो नोटिशीकडं बघत होता.

कुणी हरकत घेतली नाही. सव्वीस मार्चला नोंद मंजूर झाली. तलाठ्यानं नवा उतारा हातात दिला. कंसात ती, खाली मी आणि नूतन. मी तिथंच टेबलावर संमतीची सही केली, नूतनची आधीच करून घेतली होती. प्रस्ताव मुदतीत गेला.

मंजुरी आली ती मागितल्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. त्यात बंधाऱ्याचा कोपरा आणि पाटाच्या तोंडाचं दगडकाम झालं, ते मात्र चांगलं झालं. उरलेल्या पाटासाठी स्नेहल पुण्याला एका कंपनीत गेली. असल्या कामांना ते लोक पैसे देतात. त्यांनी आधी विचारलं, आमचा फलक रस्त्यावरून दिसेल का? पाट डोंगरात, तिथं रस्ता कुठला? एसटीतून उतरली तेव्हा ती म्हणाली, "शाळेला रंग देतो म्हनले, तात्या. शाळा रस्त्याला हाय ना."

शेवटी गावानं जुन्या रीतीनं करायचं ठरवलं. पूर्वी भातं निघाली की प्रत्येक घर आपल्या वाट्याचा पाट काढायचं. माप वावेचं. दोन्ही हात पसरून होते ती एक वाव. जोडप्याच्या घराला तीस वाव, एकट्या माणसाला पंधरा. मोजायला बंडूला पुढं केलं, कारण त्याचे हात लांब, म्हणजे सगळ्यांनाच सारखा तोटा.

माझी पाळी आली तेव्हा त्यानं हात पसरत मोजलं आणि पंधरावर दगड ठेवला.

"तीस मोज," मी म्हणालो.

"आरं रीत हाय ती. धोंडाबाईला बी पंधराच."

"आमाला तीस असायच्या."

"व्हत्या की," तो म्हणाला, आणि पुढं मोजायला लागला.

माझा पंधरा वावांचा वाटा मी तीन दिवसांत काढला. पलीकडचा वाटा बंडूचा. तो आणि त्याची बायको मंगल सकाळपासून भांडत खणायचे. "माती हिकडं कशाला टाकता, डोळं हायेत का?" "तुज्याकडंच बघतोय म्हनून टाकतोय." "बगा, बगा, पाट ऱ्हाऊ द्या तसाच." माझं काम संपलं तरी मी घाणेरीच्या ढिगावर बसून ते ऐकत राहिलो. बंडू म्हणाला, जेवायला ये. मी म्हणालो, घरी केलंय. केलं नव्हतं.

कार्तिकात पाणी सोडलं. पाळीचा नेम असा, की शेवटाच्या शेतापासून सुरुवात करायची आणि वर वर यायचं, म्हणजे खालच्याचं पाणी वरचा चोरत नाही. पहिली पाळी धोंडाबाईची. पाणी तिच्या बांधाला लागलं तेव्हा ती रडली नाही, काही नाही. रखमाजीला, ज्याला गावानं पाटकरी नेमलं होतं, ती म्हणाली, "आरं, कचरा काढ की पुडचा, बगत काय बसलास?" पंधरवड्यानं तिचा आड दोन हात वर आला. ती मला बोलवायला आली नाही. मीच वाटेत वाकून पाहिला.

वरचं शेत म्हणून माझी पाळी सगळ्यात शेवटी, विसाव्या दिवशी आली. उजाडताना रखमाजीनं दारात हाक मारली.

"चिमातात्या, पाळी तुमची. चला."

पाटकऱ्यानं ज्याच्या नावावर शेत त्याच्या नावानं हाक मारायची असते. पूर्वी ह्या शेताला "रतनबाई, पाळी" अशी हाक यायची. मी तेव्हा दुधाच्या गाडीवर होतो, चारलाच घराबाहेर पडायचो. त्या शेतात दारं ती धरायची, पाण्याला वाट ती करून द्यायची.

मी फावडं घेऊन वर गेलो. हरभरा पेरलेला होता. पाटाच्या काठाची माती ओढून मी दारं मोडलं आणि पाणी शेतात आलं. ते सरळ खालच्या कोपऱ्याकडं पळालं आणि तिथं साचायला लागलं. वरचा भाग कोरडाच. मी ते दारं बुजवलं, चार पावलं सोडून दुसरं मोडलं. तिथूनही पाणी त्याच कोपऱ्यात गेलं.

"कुठनं मोडायची रं ती?" मी रखमाजीला विचारलं.

"मला काय ठावं, तात्या? तवा म्या बारका व्हतो." तो निघता निघता वळला. "तुमाला म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

तो खालच्या वाटेनं निघून गेला. त्याला पाटावर नजर ठेवायची होती. मी चपला काढून पाण्यात उतरलो. कुठून मोडलं की पाणी वर चढतं ते शोधत, एक दारं बुजवत आणि दुसरं मोडत, मी दुपारपर्यंत शेतात होतो.