मोजणीदारांचं पाऊल

मोजणीदारांचं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटरचं होतं. चुकून चौऱ्याहत्तर नाही, की उत्साहाच्या भरात शहात्तर नाही. चार पावलं टाकली की तीन मीटर झालेच म्हणून समजा. जमीनमोजणीच्या खात्यात सदतीस वर्षं काढलेला हा माणूस नुसता चालून अंतर सांगायचा, आणि मागून टेप लावली की टेपेचंही तेच मत पडायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ही ख्याती काही कमी झाली नव्हती. नात्यात कुणी घर बांधायला काढलं, की आधी ह्यांना बोलावून प्लॉटवर चालवत.

त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली काकू म्हणायची, तर आपणही काकूच म्हणू. काकूंचा ह्या पावलावर फार जुना राग होता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या बरोबरीने अशा त्या कधी चालल्याच नाहीत. बाजारात म्हणू नका, लग्नकार्यात म्हणू नका, हे आपले पंचाहत्तरच्या मापाने पुढे, आणि ह्या पिशवी सावरत मागे. सुरुवातीला त्यांनी सांगून पाहिलं, की जरा हळू चाला. त्यावर उत्तर ठरलेलं, की पाऊल बिघडलं तर नोकरीचं काय? आता एवढं बोलल्यावर माणसाने करायचं काय! काकूंनी नाद सोडला. नवऱ्याच्या शर्टाची पाठ त्यांना चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ झाली.

मागच्या वर्षी काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दोन महिने पलंगावर गेले. पलंगाला लागून खिडकी होती, आणि खिडकीतून गावाबाहेरचा झाडीचा डोंगर दिसायचा. सकाळी उजळलेला, दुपारी सुस्तावलेला, दुसरं बघायला होतंच काय? बघून बघून काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपण त्या डोंगरावर जायचं, आणि चालत जायचं. उचलून, ढकलून, गाडीत घालून नाही. दोन महिने सगळ्यांनी त्यांना उचलून ठेवलं होतं, त्याला त्या विटल्या होत्या.

लेक शाळेत शिकवायची, त्यामुळे परीक्षा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने फोनवर अट घातली. डोंगराच्या फाटकापासून माथ्यावरच्या कठड्यापर्यंत पायवाट तीन किलोमीटरची आहे, चढ अगदी सौम्य आहे, कबूल. पण आई आधी सपाटीवर तीन किलोमीटर चालून दाखवेल तरच पायी. नाहीतर पर्यटकांना वर नेणारी ती छोटी गाडी आहे, तिच्यात बसायचं आणि वाद घालायचा नाही. मोजायचं काम बाबांकडे. बाबांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यात लेकीला शंका नव्हती.

मग काय विचारता! मोजणीदारांच्या अंगात खातं संचारलं. जेवणाच्या टेबलावर डोंगराचा नकाशा आला. ती पायवाट तरुणपणी त्यांनीच मोजली होती, त्यामुळे फाटकापासून कितव्या मीटरवर कुठला बाक, कुठल्या बाकावर सकाळी नऊपर्यंत सावली, पाण्याचा नळ कुठे, बांबूचं बेट कुठे, सगळं कंपासपेटीतल्या टोकदार पेन्सिलीने मांडलं गेलं. काकूंनी त्यात स्वतःच्या अक्षरात भर घातली, तिसऱ्या बाकावर चहा. मोजणीदार म्हणाले, चहाचा थर्मास वजनाला जड होतो, तो यादीत नाही. काकू म्हणाल्या, मग तुम्हीही यादीत नाही. थर्मास यादीत आला.

रोज संध्याकाळी दोघं गल्लीत चालायला लागली. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत काकूंना दरदरून घाम फुटला होता. मोजणीदार शेजारी चालायचे, ओठांतल्या ओठांत मोजायचे, घरी येऊन वहीत लिहायचे. पाचशे, हजार, अडीच हजार. सहा महिन्यांनी चार हजारावर गाडी आली. चार हजार म्हणजे तीन किलोमीटर. लेकीला निकाल कळवला, रविवार ठरला, काकूंनी नवे बूट घरात घालून घालून नरमही केले.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी नळाच्या लोकांनी गल्ली खणून ठेवली. म्हणून त्या संध्याकाळी दोघं शाळेच्या मैदानावर गेली. तिथे पळायची आखलेली गोल पट्टी होती, आणि मुलींचा सराव संपवून कोचबाई कडेला दोऱ्या गुंडाळत बसल्या होत्या. दोघांनी चार हजार पावलं पुरी केली. काकूंना धाप लागली होती, पण पाय ताठ होते.

कोचबाई कौतुकाने म्हणाल्या, की काकू, बरोबर सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे चोवीसशे मीटर, ह्या वयात कमाल आहे.

मोजणीदारांनी हसून दुरुस्ती केली, चोवीसशे नाही, तीन हजार. कोचबाई म्हणाल्या, फेरी चारशेची आहे. मोजणीदार म्हणाले, फेरी पाचशेची आहे, तुमची पट्टी शंभर मीटर जास्त आखली गेलीय. एवढंच नाही, तर ह्या पोरींना इतकी वर्षं चारशे सांगून पाचशे पळवलंत, हरतील नाहीतर काय, असंही ते सुनावून बसले. काकूंना कुठे तोंड लपवू असं झालं. कोचबाई भल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. खोलीतून मोजायचं चाक घेऊन आल्या, आणि मोजणीदारांच्या हातात देऊन म्हणाल्या, तुम्हीच फिरवा.

मोजणीदारांनी चाक फिरवलं. चारशे. उलट्या बाजूने फिरवलं. चारशे.

ते येऊन काकूंच्या शेजारी बाकावर बसले. सदतीस वर्षं ज्याने टेपेला शिकवलं, तो माणूस एकदम पोरका झाल्यासारखा दिसत होता. आपलं पाऊल गेलं, असं ते म्हणाले. म्हातारपणी कान जातात, दात जातात, माझं पाऊल गेलं आणि मला पत्ता नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे मी तुला फसवलं. माझ्या भरवशावर तू डोंगर चढली असतीस, आणि चोवीसशे मीटरवर तुझे पाय संपले असते, तर?

काकूंनी हिशेब तर आधीच केला होता. सहाशे मीटर कमी. म्हणजे गाडी. म्हणजे पुन्हा ह्याने हात धरा, तिने पाय उचला, सांभाळून हं आई. पण त्या क्षणी त्यांना नवऱ्याचीच जास्त काळजी वाटली. त्या म्हणाल्या, की तुम्ही एकटे एक फेरी मारून या, मीही इथून मोजते.

मोजणीदार नाइलाजाने उठले. पहिली दहा पावलं जड पडली, मग पाठ ताठ झाली, आणि काकूंना तो जुना शर्टाचा पाठमोरा माणूस दिसला. झपाझप निघालेला, इकडेतिकडे न बघणारा. फेरी संपली तेव्हा दोघांच्या तोंडी एकच आकडा होता, पाचशे तेहतीस. पंचाहत्तर सेंटीमीटर, केसभरही इकडेतिकडे नाही. मोजणीदार आनंदले, आणि लगेच गोंधळले. पाऊल शाबूत आहे, मग वहीत चूक आली कुठून?

काकूंना मात्र लख्ख कळलं होतं. त्या उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला, आणि वर नका बघू, बुटांकडे बघा. दोघं चालली. काकूंचा उजवा पाय पडला की मोजणीदारांचा उजवा पडत होता, डावा पडला की डावा, आणि दोन्ही बूट एका रेषेत थांबत होते. मोजणीदार विसाव्या पावलावर उभे राहिले; पंधराऐवजी बाराच मीटर झाले होते.

"मी हे मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले. "मला कळलंच नाही गं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर." एकेचाळीस वर्षं मागून चालल्यावर माणसाला रडू येणारच, ते आलं. मोजणीदारांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि ते बावळटासारखे उभे राहिले.

मग दोघं बाकावर येऊन बसली, आणि मोजणीदारांनी लेकीला फोन लावला. काकूंनी त्यांचा हात धरला. आजन्म खोटं न बोललेल्या नवऱ्याला त्यांनी हलक्या आवाजात सांगून पाहिलं, की राहू द्या ना, तीन म्हटलंयत ते तीनच राहू द्या, मी करते कसंतरी. मोजणीदारांनी मान हलवली. चुकीचा आकडा त्यांच्या तोंडून गेला नसता, बायकोसाठीसुद्धा नाही. त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं, की मोजण्यात माझी चूक झाली, आई तीन हजार नाही, चोवीसशे मीटर चालते.

लेकीचं ठरलेलंच होतं. ती म्हणाली, मग आई गाडीने. बाबा, तुम्हाला हवं तर तुम्ही चालत या, आम्ही वर कठड्यापाशी थांबतो. काकूंना फोनमधून सगळं ऐकू येत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"एकट्याने कशाला चढू?" मोजणीदार म्हणाले. "तो डोंगर माझा मोजून झालाय. नीट ऐक. सहाशे मीटर कमी आहेत. आईच्या पावलाने एक हजार पावलं. आज धरून शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत, रोज दोनशे वाढवू. रविवारी आम्ही पायीच निघणार."

लेकीने विचारलं, आणि नाहीच जमलं तर?

"तर जिथे तिचे पाय थांबतील तिथे मी थांबेन. तू डबा घेऊन वरून खाली ये. माथा काय, मी शंभर वेळा बघितलाय. तिच्याबरोबर चाललोय ते आत्ता कुठे."

लेक शिक्षिका असली तरी त्यांचीच लेक होती. तिने डब्यात कुणासाठी काय आणायचं ते विचारलं.

मोजणीदारांनी फोन खिशात ठेवला. मैदानावर उजेड उतरत आला होता, कोचबाई फाटकाची कडी लावायच्या तयारीत होत्या. काकूंनी रुमालाने नाक पुसलं, गुडघ्यावर हात टेकून त्या बाकावरून उठल्या, आणि कोचबाईंना म्हणाल्या की पाच मिनिटं थांबा हो, आजची दोनशे राहिलीत.