सगळं ठीक सांगणारा बझर

मित्रांनो, मी बझर आहे. जुना, काळा, करंगळीच्या नखाएवढा, दोन वायरींचा. तुमच्यापैकी निम्म्यांनी मला पाहिलेलंही नसेल आणि याचा मला राग येतो. एके काळी प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात माझ्यासारखा एक जण असायचा. बटण दाबलं की आधी आम्ही बोलायचो, मग पडदा उजळायचा. एक आखूड 'पीं' म्हणजे सगळं ठीक. लांब लांब वाजत राहिलो तर रॅममध्ये गडबड. एक लांब आणि दोन आखूड, म्हणजे चित्र पाठवणारं कार्ड रुसलंय. संपली माझी भाषा. पण या एवढ्याशा भाषेवर विसंबून एक बाई मरणाच्या दारात जाऊन आली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं उमेदीचं वय सोलापुरात एका टायपिंगच्या क्लासातल्या कॉम्प्युटरमध्ये गेलं. मुलं माझी नक्कल करायची आणि सर त्यांना बाकावर उभं करायचे. पुढे ते मशीन भंगारात निघालं, तेव्हा यशपालनं मला उपटून खिशात टाकलं. यशपालचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नव्या मदरबोर्डांवर बझर येत नाही, म्हणून डॉक्टरच्या नळीसारखा तो मला सगळीकडे घेऊन फिरायचा. मशीन मुकं पडलं की मला टोचायचा आणि म्हणायचा, "बोल बाबा, कुठं दुखतंय?" खोटं का बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग वळसंगहून सुकन्याचा फोन आला.

सुकन्या म्हणजे मेंढरं राखणाऱ्या बिरुदेवची मुलगी. ड्रॉइंगचा डिप्लोमा केलेली. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला सुट्या भागांची ड्रॉइंगं घरून करायला दिली होती. पोरगी हुशार. सुटे भाग आणून, मोबाइलवर बघत बघत तिनं स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जुळवला. पण बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवे लागायचे आणि पडदा काळाच. दोन दिवस ती जेवली नव्हती.

यशपालनं मला मदरबोर्डावर टोचलं आणि बटण दाबलं. मी लांब लांब वाजायला लागलो.

"आगं बाई, रडतंय की हे!" सुकन्याची आई गोजाबाई म्हणाली.

यशपालनं रॅमची पट्टी काढली, खाचेत बॅटरी मारली. आत पिवळी धूळ. सगळ्यांनी बिरुदेवकडं पाहिलं.

"म्या उधळला भंडारा," बिरुदेव म्हणाला. "चिमूटभर. नवी वस्तू घरात आली तर देवाचा भंडारा लावल्याबिगर आमच्यात वापरत न्हाईत. देवाचा हाय, वंगाळ कसा हुईल?"

"मामा, वाईट नाहीच," यशपाल नरमाईनं बोलला. "पण ही खाच केसाएवढी. भंडारा बाहेरून लावा, पाहिजे तेवढा. आत नको."

मऊ ब्रशनं खाच साफ झाली, खोडरबरानं पट्टीचे सोनेरी दात घासले गेले. पुन्हा बटण दाबलं. मी एकदाच वाजलो. पडदा उजळला, सुकन्या चक्क ओरडली आणि गोजाबाईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. त्या दिवसापासून माझा आवाज तिच्यासाठी शुभ झाला, आणि तिथंच घात झाला.

निघताना यशपालचा हात कॉम्प्युटरच्या पेटीच्या उघड्या पत्र्याला लागला. त्यानं तो झटकन मागं घेतला.

"मामा, झिणझिण्या येतायत. तुमच्या या वायरीच्या बोर्डाची तिसरी, अर्थिंगची वायर जमिनीत गेलेलीच नाही. अंगणात खड्डा घ्या, मीठ-कोळसा घाला, तांब्याची पट्टी पुरा. तोवर चप्पल घालूनच हात लावायचा."

"अंगणात देवाचा दगुड हाय, पाव्हणं. कुदळ लावायची तर कौल घ्यावा लागतो. आमुशेला घिऊ की."

यशपाल एसटीच्या घाईत होता. त्यानं मान हलवली, मला तिथंच ठेवलं आणि गेला. त्याच्यावर माझा जीव आहे, तरी सांगतो, त्यानं तेव्हा भिंतीतली पिन वायरीसकट काढून सोबत न्यायला हवी होती.

दोन दिवसांनी सुकन्या झिणझिण्यांनी वैतागली. लेकीची तक्रार ऐकून बिरुदेवनं वायरीचा बोर्ड खोलला. तिसरं भोक मोकळंच होतं. त्यानं वायरीचा एक तुकडा घेतला आणि त्या भोकाचा काळ्या वायरीशी सांधा करून टाकला. पिन लावली, पत्र्याला हात लावून पाहिला. झिणझिण्या गायब!

"झालं की," तो खूश होऊन म्हणाला. "उगं खड्डा न् बिड्डा."

मित्रांनो, नीट ऐका. एका वायरीतून वीज येते, काळ्या वायरीतून परत जाते. बिरुदेवनं पेटीचा पत्रा त्या परतीच्या वायरीला बांधला होता. पण भिंतीत जाणारी पिन होती दोनच पायांची. ती सुलट बसते, तशी उलटीही बसते. उलटी बसली की परतीची वायर येण्याची होते आणि अख्खा पत्रा विजेचा होतो. कॉम्प्युटर मात्र आपला चालूच राहतो, काही झालंच नाही असा. आणि या दुखण्यासाठी माझ्याकडे शिट्टी नाही! रोज सकाळी मी एक आखूड 'पीं' करायचो आणि आतल्या आत भीतीनं थिजायचो.

त्यानंतरचा नववा दिवस उजाडला. गोजाबाईनं फरशी धुवायला काढली. टेबल सरकवलं, पिन उपटली, फरशी धुतली, पिन पुन्हा खोचली. उलटी.

सुकन्या चप्पल घालून खुर्चीवर बसली आणि तिनं प्लास्टिकचं बटण दाबलं. मला वाजायचं नव्हतं हो! पण रॅम ठीक, कार्ड ठीक. मी वाजलो. पीं.

"बोललं गं बाई," म्हणत गोजाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. नुकतीच अंघोळ झालेली, हात ओले, पाय अनवाणी आणि फरशी अजून ओली. यशपालनं सांगितलं होतं तसाच भंडारा तिनं बाहेरून लावला, पत्र्याच्या उघड्या कडेला.

तिला ओरडताही आलं नाही. हात पत्र्याला चिकटला, दात घट्ट मिटले, वाटी खाली पडली. सुकन्या आईकडं झेपावली आणि कोण जाणे कसं, अर्ध्यात थांबली. वळून तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. गोजाबाई धाडकन पडली. कितीतरी वेळानं तिनं श्वास घेतला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

सुकन्यानं तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं. दुपारी यशपाल वळसंगला धावत आला आणि त्यानं तो बोर्ड खोलला.

"ही वायर कुणी जोडली?"

"म्या," बिरुदेव म्हणाला. "झिणझिण्या थांबल्या व्हत्या की."

"मामा, झिणझिण्या सांगत होत्या. आपण त्यांचं तोंड दाबलं." यशपालनं तो वायरीचा तुकडा उपटून काढला. "चूक माझीपण आहे."

बिरुदेव उठला. त्यानं देवाच्या दगडापुढं डोकं टेकलं, कौल न घेताच कुदळ उचलली आणि संध्याकाळपर्यंत एकट्यानं छातीएवढा खड्डा खणला. यशपालनं तिसरी वायर जमिनीत नेली, भिंतीत तीन पायांचं सॉकेट बसवलं.

चार दिवसांनी गोजाबाई घरी आली. दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. तिनं एकच विचारलं, "सगळं बरं हाय म्हून वाजलं व्हतं की हे?"

"मामी, त्याला तेवढंच कळतं," यशपाल म्हणाला.

खरं आहे, मित्रांनो. मला तेवढंच कळतं. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. पत्र्याला झिणझिणी आली तर हसण्यावारी नेऊ नका, तिसऱ्या वायरीला भलत्याच वायरीशी बांधून गप्प करू नका, आणि एखादं यंत्र 'ठीक' म्हणालं तरी त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी विचारा.

आजही सुकन्या सकाळी बटण दाबते आणि मी एकदा वाजतो. आता सगळं खरंच ठीक असतं. पण गोजाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन दारातच थांबते. लेकीला ती हात लावू देत नाही. बिरुदेवला हाक मारते, "तुमी लावा आदी." आणि तो चपला बाहेर काढतो, अनवाणी आत येतो आणि पत्र्यावर हात ठेवतो.