वाख घातलेला स्लॅब

"टाका अजून दोन पोती!" लिंदाउरा ओरडली. "हा स्लॅब अगदी माझ्या नवऱ्यासारखा आहे. नुसतं ओझं झेलतो, बोलत काही नाही!"

स्लॅबच्या कारखान्याच्या अंगणातल्या बायका हसल्या. एदिलेउझाही हसली, पण तिचं लक्ष फाटकाकडे होतं. तिथे तिचा नवरा जेनिवाल्दो गाढवावरून घायपातीच्या वाखाचे भारे उतरवत होता. हाच वाख कापून बायका हलक्या काँक्रीटमध्ये कालवत. आज शहरातून इंजिनीअर लाउराबाई आल्या होत्या. एक साधा आणि एक वाखाचा असे दोन स्लॅब त्यांनी वजन टाकून पाहायला टेकूंवर ठेवून घेतले होते.

"जेनिवाल्दो, जरा हात लाव रे," लिंदाउरानं हाक मारली. "गवंडी ना तू?"

"होतो," तो म्हणाला. पण आला.

त्यानं पोतं ठेवलं आणि साधा स्लॅब कडाडला. ना चीर, ना कुरकुर. एकदम दोन तुकडे. बायका मागे पळाल्या. जेनिवाल्दो जागच्या जागी उभा राहिला.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या स्वयंपाकघराचा स्लॅब त्यानं स्वतः घातला होता. एका दुपारी त्यांची मुलगी जोसिलेने पाणी प्यायला आत गेली आणि तो स्लॅब तिच्यावर आला. त्यानंतर जेनिवाल्दोनं थापी हातात धरली नाही. तो ब्राझीलमधल्या बाहियाच्या कोरड्या माळांवर घायपात कापायला जाऊ लागला. नवराबायको एकमेकांसमोर मुलीचं नाव घेत नसत.

मग वाखाच्या स्लॅबवर पोती चढली. त्याला चीर गेली, पोट खाली आलं, तो करकरत राहिला. पण पडला नाही. चिरेतून वाखाचे धागे ताणलेले दिसत होते.

"बघा," लाउराबाई खुशीत म्हणाल्या, "हा पडायच्या आधी सांगतो. माणसाला वेळ मिळतो."

"किती?" जेनिवाल्दोनं विचारलं.

"नेमका नाही सांगता येणार."

"दारापर्यंत जाण्याइतका?"

लाउराबाईंना जोसिलेनेबद्दल काहीच माहीत नव्हतं. "मिळेल की! लहान पोरसुद्धा निघून जाईल."

एदिलेउझानं पडवीच्या कडेचा खांब घट्ट धरला. जेनिवाल्दो मात्र वाकून त्या धाग्यांवरून बोट फिरवत होता.

"एदी, तेव्हा आपल्या घरात वाख होता," तो हळूच म्हणाला. "तुझ्या बापाचा. दाराशी भारे पडलेले असायचे."

"दोरखंडाचा होता रे तो. स्लॅबमध्ये घालतात हे कुणाला ठाऊक होतं?"

"पण घरात होता गं."

त्या हिवाळ्यात त्यानं पडक्या स्वयंपाकघराच्या भिंती पुन्हा उभ्या केल्या आणि एदिलेउझानं स्वतः ओतलेले वाखाचे हलके स्लॅब त्यानं वर बसवले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. काम संपलं त्या दिवशी तिनं आत घेवड्याची उसळ केली, कॉफी ठेवली.

"ये ना जेवायला."

तो उंबऱ्यापर्यंत आला. वर पाहिलं. "तू जेव. मी इथेच बरा आहे."

"पक्कं आहे रे. तूच बांधलंयस."

"म्हणूनच."

ती दोन्ही ताटल्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी उन्हात बसली.

"जोसिलेनेला घेवडा आवडायचा नाही," ती म्हणाली.

"कुत्र्याला घालायची," तो म्हणाला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

आत चुलीवर कॉफी उतू गेली. दोघंही उठली नाहीत.